रिकाम्या बेडचे पैसे कोणी द्यायचे?

प्रश्न एका ताईंचा आहे. वय ५८, राहतात नागपुरातच. यजमान जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा पुण्याला. शिमला, मनाली, अमृतसर अशी दहा दिवसांची ग्रुप टूर त्यांनी ठरवली. माणशी ३४,५०० सांगितले होते. अ‍ॅडव्हान्स भरायला गेल्या तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही सिंगल आहात ना? मग १४,५०० जादा लागतील. पार्टनर मिळाली तर मग बघू." ताई विचारतात : मी जेवणार एकटीचंच, बसमध्ये सीट एकच, मग हे जादा कशाचे? पार्टनर मिळाली नाही तर त्यात माझा काय दोष? आणि मिळालीच, तर अनोळखी बाईसोबत सात रात्री काढाव्या का?

मी या धंद्यात एकोणीस वर्षं आहे. आधी नऊ वर्षं दुसऱ्यांकडे टूर मॅनेजर होतो, आता प्रतापनगरात स्वतःचं छोटं ऑफिस आहे. हे जादा पैसे मी मागितलेत, परत केलेत आणि एकदोनदा चुकून जास्तही घेतलेत. त्यामुळे कंपनीची बाजू घेऊन बोलणार नाही, पण तिचा हिशोब मात्र नीट सांगतो.

ताई, तुमचा खरा प्रश्न १४,५०० चा नाही. कुणाला तरी रिकाम्या बेडचा भुर्दंड पडणार आहे. तो कुणाला, हे बुकिंगच्या आधी ठरलेलं नाही, हा तुमचा खरा प्रश्न आहे. "मिळाली तर बघू" या शब्दांत तो भुर्दंड गुपचूप तुमच्या पदरात टाकलेला आहे.

आधी जादा पैसे कशाचे ते. हॉटेलवाला खोली विकतो, माणूस मोजत नाही. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. ताडोब्याला जिप्सी घेतली की सहा जण बसा नाहीतर एकटे बसा, गाडीचे पैसे तेवढेच. सहा जण असले की वाटून घेतात म्हणून माणशी स्वस्त पडतं. टूरच्या जाहिरातीतला आकडा असाच वाटून घेतलेला असतो. खाली बारीक अक्षरांत "डबल शेअरिंग" किंवा "ट्विन शेअरिंग" लिहिलेलं असतं, ते यासाठीच. आयआरसीटीसीच्या पॅकेजमध्ये तर सिंगल, डबल, ट्रिपल असे तीन रकानेच असतात. तो प्रकार मला आवडतो, माणसाला पहिल्या दिवशीच कळतं.

पण तुमचं म्हणणंही अर्धं खरं आहे. बसची सीट, रेल्वेचा बर्थ, गाइड, तिकिटं, दुपारचं जेवण हे सगळं माणशीच असतं. त्यात तुमच्यामुळे एक रुपयाही वाढत नाही. वाढतं ते फक्त खोलीचं, आणि तेही पूर्ण नाही. पहाडातली बहुतेक हॉटेलं ग्रुपला एमएपी प्लॅनवर घेतात, म्हणजे खोली, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण मिळून एक दर. दोघांच्या दरात दोन जेवणं धरलेली असतात. एकटं माणूस असलं की एका माणसाचं जेवण वजा होतं, आणि ते व्हायलाच पाहिजे.

तुमच्याच टूरचा हिशोब मांडतो. दर मी अंदाजाने, कर धरून घेतोय, साध्या थ्री स्टार दर्जाचे. शिमल्याला दोन रात्री : दोघांना ४,५००, एकट्याला ३,९००. तुमच्या वाट्याचे २,२५० टूरच्या किमतीत आलेलेच आहेत, म्हणजे जादा १,६५० रात्रीला, दोन रात्रींचे ३,३००. मनालीला तीन रात्री : दोघांना ४,०००, एकट्याला ३,४००. जादा १,४००, तीन रात्रींचे ४,२००. अमृतसरच्या दोन रात्री : दोघांना ३,५००, एकट्याला ३,०००. जादा १,२५०, म्हणजे २,५००. बेरीज बरोबर दहा हजार. त्यावर टूरला लागतो तो ५ टक्के जीएसटी, ५०० रुपये. झाले १०,५००.

मग १४,५०० म्हणजे लूट आहे का? ते तुम्ही कुठल्या महिन्यात जाताय यावर आहे, आणि महिना तुम्ही लिहिलेला नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकला की अर्धं विदर्भ हिमाचलात असतं, आणि वर मांडलेले दर सहज दीडपट होतात. तेव्हा हाच हिशोब पंधरा हजारांच्या वर जातो, मग कंपनी वाजवी मागतेय असं मी म्हणेन. तीच टूर सप्टेंबरात किंवा फेब्रुवारीत असेल, तर चार हजार कुठून आले ते विचारा. भांडू नका, नुसतं विचारा : "सिंगलचे रात्रीला किती आणि किती रात्रींचे?" या एका वाक्याने समोरचा सावरून बसतो. कारण काही ठिकाणी हिशोब केलेलाच नसतो, टूरच्या किमतीवर सरसकट चाळीस-बेचाळीस टक्के लावून मोकळे होतात. तुमचा १४,५०० चा आकडा ३४,५०० च्या बेचाळीस टक्क्यांच्या इतका जवळ आहे की मला तीच शंका येते. असा टक्का लावला की ज्यात तुमच्यामुळे काही वाढत नाही त्या रेल्वे आणि बसवरही तुम्ही जादा भरता. आणि टूर दहा दिवसांची असली तरी हॉटेलच्या रात्री सातच आहेत. जाता-येता दिल्लीच्या गाडीत झोपणार त्या रात्रींचं सिंगल नसतं.

गाडीचा विषय निघाला म्हणून जाता जाता सांगतो. एकटं असण्याचा रेल्वेत उलट फायदा आहे. ४५ वर्षांवरच्या बायकांना लोअर बर्थचा कोटा मिळतो, पण तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले पाहिजेत. कंपनीने सहा जणांच्या एका तिकिटात तुमचं नाव घातलं की तो गेला. माझं तिकीट वेगळं काढा म्हणून आधीच सांगा.

आता सिंगलचे पैसे भरल्यावर मिळतं काय, तेही बघा. इथे माझी एक चूक सांगतो. एका बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी माझ्याकडे सिंगलचे पूर्ण पैसे भरले होते. कुलूच्या हॉटेलवाल्याने त्यांना दिली "सिंगल रूम" : जिन्याखालची, एक खाट, खिडकी उघडली की समोर जनरेटर. शेजारी माणशी कमी पैशांत आलेलं जोडपं बाल्कनीत बसून बियास बघत होतं. काका काही बोलले नाहीत, फक्त सकाळी मला खोली दाखवायला घेऊन गेले. त्यांचे त्या रात्रीचे पैसे मी परत केले, पण ती गोष्ट मनाला लागली ती लागलीच. तेव्हापासून मी व्हाउचरवर "डबल रूम, सिंगल युज" असंच लिहून घेतो. तुम्हीही हेच शब्द वापरा. युरोपात तर सिंगल रूम हा वेगळाच प्रकार आहे, एका खाटेची चिंचोळी खोली, आणि तिथे ते सरळ सांगूनच देतात.

तुमचा दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : पार्टनर मिळाली नाही तर? इथे कंपन्यांच्या तीन तऱ्हा आहेत. काही म्हणतात, तुम्ही शेअरिंगला तयार आहात ना, मग पार्टनर शोधणं आमचं काम, नाही मिळाली तर खोली तुमची, जादा काही नाही. काही म्हणतात, नाही मिळाली तर निम्मे तुम्ही, निम्मे आम्ही. आणि काही सगळं तुमच्यावर ढकलतात, तेही निघायच्या आठ दिवस आधी, जेव्हा रद्द केलं तर पैसे कापले जातात आणि भरले तर खिसा कापला जातो.

मी स्वतः पहिली तऱ्हा पाळतो, पण एका अटीवर : बुकिंग दोन महिने आधी पाहिजे. आठवडाभर आधी आलेल्या एकट्या माणसाला मी असा शब्द देत नाही. तो उदारपणाचा मुद्दा नाही, मोजणीचा आहे. ग्रुपमध्ये एकट्या बायका चार असल्या तर दोन जोड्या लागतात. पाच झाल्या की एक उरते, आणि ती कोण हे शेवटच्या बुकिंगवर ठरतं. त्यात उरलेलीचा काय दोष? एकटे पुरुष माझ्याकडे तुलनेने कमी येतात, त्यामुळे पुरुष जास्त वेळा उरतात. शिवाय त्यांच्यात एक घेणारा आणि एक न घेणारा निघाला की जोडी लावूनही उपयोग नसतो. महिला टूर मॅनेजर असेल तर उरलेल्या ताईंची सोय तिच्या खोलीत होते. तुमच्या टूरला मॅनेजर बाई आहे का, हे विचारायला हरकत नाही.

एक प्रसंग मात्र मला साफ चुकीचा वाटतो. पार्टनर ठरते, तिचं नावही कळतं, आणि निघायच्या चार दिवस आधी तिच्या घरी कोणी आजारी पडतं. ती रद्द करते, कंपनी नियमाप्रमाणे तिचे बहुतेक पैसे कापते. आणि मग तुम्हाला फोन येतो : "मॅडम, तुमची पार्टनर कॅन्सल झाली, आता सिंगलचे भरा." त्या बेडचे पैसे तर तिच्याकडून आलेले असतात! एकाच बेडचे दोनदा घ्यायचे हा कुठला न्याय? तिने दीड-दोन महिने आधी रद्द केलं असेल आणि तिचं नाममात्र कापलं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा कंपनीच्या हातात काही आलेलं नसतं, पण नवी पार्टनर शोधायला वेळ असतो. म्हणून अ‍ॅडव्हान्सच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर हे लिहून घ्या : पार्टनर मिळाली नाही तर जादा कोण भरणार, आणि मिळालेली रद्द झाली तर कोण भरणार. तोंडी "काळजी करू नका हो ताई" वर जाऊ नका. आम्ही धंदेवाले तेवढं फार गोड बोलतो. लेखी असूनही कोणी आडमुठेपणा केलाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवता येते.

आता अनोळखी बाईसोबत राहावं का?

हे स्वभावावर आहे, माझ्या हिशोबावर नाही. पण काय बिघडतं आणि काय जुळतं ते सांगू शकतो. आमच्या टूरच्या भाषेत "सहा-सात-आठ" म्हणतात : सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस. म्हणजे एका बाथरूममध्ये एका तासात दोन आंघोळी, आणि पहाडातला गीझर एकदा रिकामा झाला की वीस मिनिटं तापतो. भांडणं चोरीवरून किंवा स्वभावावरून फार कमी होतात, या वीस मिनिटांवरून होतात. मनालीत एकदा रात्री अकराला दोघी माझ्या दारात उभ्या. एक पहाटे चारला उठून पूजा करणारी, घंटीसकट. दुसरीला रात्री एकपर्यंत दिवा लावून वाचायची सवय. दोघी भल्या, पण दोघींच्या मिळून झोपेला तीनच तास उरत होते. हॉटेल भरलेलं. मी माझी खोली एकीला दिली आणि ड्रायव्हरसोबत बसमध्ये झोपलो. मे महिना होता म्हणून निभावलं.

त्यानंतर मी फॉर्ममध्ये चार गोष्टी विचारायला लागलो : झोपता केव्हा, उठता केव्हा, रात्री दिवा-पंखा लागतो का, आणि घोरता का. शेवटच्या प्रश्नाला शंभरातले नव्वद जण "नाही जी" लिहितात. स्वतःचं घोरणं कोणाला ऐकू येतं? म्हणून ते मी आता घरच्यांना विचारतो. लेक लगेच सांगते. माझी सगळ्यात यशस्वी जोडी अशीच जमली : महालातल्या एक काकू जोरदार घोरतात, आणि त्रिमूर्तीनगरच्या दुसऱ्या काकू रात्री कानाचं मशीन काढून ठेवतात. चार टूर झाल्या, आता त्या दोघी नावं एकत्रच देतात.

तुमची कंपनी असा फॉर्म भरून घेत नसेल तर तुम्हीच पार्टनरचा नंबर मागा. तिची परवानगी घेऊन द्यायला काही अडचण नसते. आणि नागपूरचीच असेल तर निघायच्या आधी एकदा भेटा. धरमपेठेत कुठेही बसा, प्लेटभर तर्री पोहे होईपर्यंत अर्धं कळतं. आपली अडचणही मोकळेपणी सांगा, रात्री दोनदा उठावं लागतं, इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, जे असेल ते. ज्यांना वेळ आहे त्यांना मी म्हणतो, आधी पेंचला किंवा चिखलदऱ्याला दोन रात्रींची सोबत करून बघा. नाही जमलं तर नुकसान दोन रात्रींचंच. शेगावला दर्शनाला एकत्र जाऊन भक्तनिवासात राहणं तर त्याहून सोपं.

बेडबद्दलही विचारून घ्या. "ट्विन शेअरिंग" म्हणजे दोन वेगळ्या खाटा असा बहुतेकांचा समज असतो. हिमाचलातल्या पुष्कळ हॉटेलांत एकच मोठा डबल बेड असतो, आणि त्यावर एकच भलीमोठी रजाई. जोडप्याला चालतं, पण कालपर्यंत न पाहिलेल्या बाईसोबत नाही. वेगळे बेड मिळतील का आणि नसतील तर दोन रजया मिळतील का, हे आधी सांगितलं तर बहुतेक वेळा जमतं. रात्री दहाला रिसेप्शनवर मागितलं तर "कल देखेंगे". तिघींची खोली स्वस्त पडते, पण तिसरा बेड म्हणजे बहुधा जमिनीवरची गादी. आणि वर सांगितलेला बाथरूमचा तास तिघींत वाटायचा. अठ्ठावन्नच्या गुडघ्यांना मी ते सुचवणार नाही.

किल्ली ही बारीक गोष्ट, पण रोज नडते. कार्ड खोबणीत असलं तरच वीज चालणाऱ्या खोल्यांत एक जण कार्ड घेऊन नाश्त्याला गेली की दुसरी साबणाच्या डोळ्यांनी अंधारात उभी. चेक-इनलाच दोन कार्डं मागायची. दागिने न्यायचेच नाहीत, नेलेच तर अंगावर. त्यात पार्टनरवर अविश्वास नसतो, पण अंगठी हरवली तर संशयाला जागा राहत नाही.

काही ठिकाणी सिंगलचा हट्टच नको. केदारनाथला वर मुक्काम असला तर बहुतेकदा चार-पाच जणांची खोली किंवा तंबू असतो, तिथलं सिंगल कोणी विकत असेल तर नीट चौकशी करा. आणि लडाख. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथल्या पहिल्या दोन रात्री पन्नाशीच्या पुढच्या माणसाने एकट्याने झोपू नये असं मला वाटतं. डोकं दुखतंय, दम लागतोय, बोलणं तुटक झालंय, हे शेजारच्या बेडवरच्या माणसाच्या लक्षात येतं. मी तिसऱ्या मजल्यावर झोपलेला असतो, मला सकाळी कळतं.

शेवटी एक मधला रस्ता, जो काउंटरवरची मुलगी सांगणार नाही कारण तिच्या कॉम्प्युटरमध्ये तो रकानाच नसतो. सगळ्या रात्रींचं सिंगल घ्यायची गरज नाही. छोटे टूरवाले काही रात्रींचं सिंगल देतात, मोठ्यांकडेही मॅनेजरशी बोललं तर कधी कधी जमतं. मी तुमच्या जागी असतो तर शेअरिंगला नाव दिलं असतं, पार्टनर न मिळाल्यास जादा नाही हे लिहून घेतलं असतं, आणि मनालीच्या तीन रात्री सिंगल मागितल्या असत्या. मुक्काम तिथे मोठा आहे, रोहतांगच्या बाजूला जायचं तर पहाटे लवकर निघावं लागतं, आणि टूरच्या मध्यावर माणसाला थोडं दार लावून बसावंसं वाटतंच. वरच्या हिशोबाने ते ४,२०० अधिक जीएसटी, मे असेल तर साडेसहा हजारांच्या आसपास. पार्टनरलाही आधी सांगून ठेवा, म्हणजे तिचा गैरसमज होणार नाही. त्या तीन रात्री तिलाही खोली एकटीला मिळेल, आणि तिच्या त्या खोलीचे पैसे तुमच्यावर चढवायचे का, हे मॅनेजरला त्याच दिवशी विचारून घ्या. महिना आणि हॉटेलांची नावं कळवलीत तर आकडे मी पक्के करून सांगतो.